काल दिवसभरात कुठे कुठे गेलात? प्रवास सर्वेक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

घरोघरी जाऊन लोकांच्या प्रवासाची माहिती घेतल्याशिवाय शहराचा वाहतूक आराखडा करू नये, असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न: चौकाचौकांत कॅमेरे आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मग दारोदार माणसं पाठवून ‘काल कुठे गेला होतात’ हे विचारण्यावर खर्च कशाला?

कॅमेरा गाड्या मोजतो. सकाळी नऊ ते दहा या वेळात किती मोटारी गेल्या ते तो सांगेल. पण आत बसलेला माणूस कुठून निघाला, कशासाठी चाललाय आणि बसने का गेला नाही, हे त्याला कळत नाही. मोबाईलच्या नोंदी पुढचं सांगतात. गर्दी कोणत्या भागातून कोणत्या भागाकडे आणि किती वाजता सरकते, हे त्यातून उत्तम दिसतं, मीही त्या वापरते. मात्र घरात माणसं किती, कमावणारे किती, दारात वाहन आहे का, हे फोनला ठाऊक नसतं. ज्या मुलांकडे आणि म्हाताऱ्यांकडे फोनच नाही, ती माणसं तर त्या नोंदींत नसतातच.

शिवाय जो प्रवास झालाच नाही, तो कोण मोजणार? रात्री परतीची बस मिळत नाही म्हणून एखाद्या मुलीने संध्याकाळचा क्लास सोडला, तर ती कोणत्याच चौकात दिसत नाही. घरी जाऊन नीट विचारलं तरच ती सापडते.

म्हणून तर ही पद्धत निघाली. अमेरिकेत १९४४ मध्ये टल्सा, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स अशा काही शहरांत घरोघरी मुलाखती घ्यायला सुरुवात झाली, कारण रस्त्यावर गाड्या अडवून केलेली विचारपूस मोठ्या शहरांत पुरी पडेना. जपानमध्ये १९६७ साली हिरोशिमात असं मोठं सर्वेक्षण झालं. त्याला तिथे ‘पर्सन ट्रिप’ म्हणजे ‘माणसाची फेरी’ सर्वेक्षण म्हणतात. मोजायचं ते माणसाला, गाडीला नाही, हे त्या नावातच आलं.

प्रश्न: लाखो घरांच्या शहरात चार-पाच हजार घरं विचारून काय कळणार?

साधनांचा वाटा बऱ्यापैकी कळतो. किती टक्के लोक बसने जातात, एवढंच पाहायचं असेल तर यादृच्छिक पद्धतीने (म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी) निवडलेली सुमारे ३८५ माणसं पाच टक्क्यांच्या आत-बाहेर उत्तर देतात, आणि सुमारे २४०० माणसं दोन टक्क्यांच्या. शहर पाच लाखांचं असो की पन्नास लाखांचं, हा हिशेब जवळजवळ तोच राहतो. लंडनमध्ये दरवर्षी साधारण ८००० घरांचं सर्वेक्षण होतं आणि त्यावर मोठे निर्णय घेतले जातात.

मात्र ‘या वस्तीतून त्या वस्तीत रोज किती लोक जातात’ असं विचारलंत तर नमुना तोकडा पडतो. शहराचे २०० झोन, म्हणजे भाग, पाडले की कुठून कुठे याचा तक्ता २०० गुणिले २००, म्हणजे ४०,००० चौकटींचा होतो, आणि पाच हजार घरांतून मिळणाऱ्या फेऱ्याही (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलं की एक फेरी) साधारण तेवढ्याच. म्हणजे सरासरी एका चौकटीला एक फेरी! त्यावरून उड्डाणपूल कुठे बांधायचा हे कुणी ठरवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. घरोघरच्या सर्वेक्षणातून माणसं कशी वागतात ते समजून घ्यायचं. कुठून कुठे किती, याला रस्त्यावरच्या मोजणीची आणि मोबाईलच्या नोंदींची जोड द्यावीच लागते.

मला नमुन्याच्या आकड्यापेक्षा बंद दारांची काळजी जास्त वाटते. जो दिवसभर फिरतीवर असतो, तोच प्रगणकाला घरी सापडत नाही. दोनदा कडी वाजवून शेजारचं घर घेतलं की सर्वेक्षणात घरी असणाऱ्यांची भरती होते आणि शहर प्रत्यक्षापेक्षा कमी फिरतं असं दिसू लागतं. नंतर भारांक लावून, म्हणजे कमी सापडलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, थोडी दुरुस्ती होते. पण जो भेटलाच नाही, त्याच्या दिवसाची भरपाई भारांकाने होत नाही. वेळ बदलून, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा जायला हवं.

प्रश्न: मी नोकरी करत नाही. प्रगणक आला तेव्हा मी बाहेर होते. त्याने माझ्या यजमानांना विचारून माझ्यापुढे ‘घरीच’ असं लिहिलं. यात काही बिघडलं का?

फार बिघडलं. तुम्ही बाहेर होतात हे समोर दिसत असूनही ‘घरीच’ लिहिलं गेलं.

तपासणीत माझ्या हाती आलेला एक फॉर्म मला आठवतो. घरातल्या बाईंच्या नावापुढे एकच ओळ होती: घर ते बाजार आणि परत. आम्ही फोन करून त्यांच्याशीच बोललो. सकाळी धाकट्याला शाळेत सोडलं, तिथून सासूबाईंची औषधं घेतली, मग बँक, मग घर. दुपारी शाळेतून मुलाला आणलं. संध्याकाळी त्याला शिकवणीला सोडून तिथूनच भाजीला, मग त्याला घेऊन परत. एकूण दहा फेऱ्या निघाल्या. त्यातल्या आठ पायी होत्या आणि दोन रिक्षाने.

हेतू बदलला की नवी फेरी, हा आमचा साधा नियम आहे. घरच्या दुसऱ्या माणसाने सांगितलेल्या माहितीत नेमक्या अशा छोट्या, पायी केलेल्या, वाटेत थांबत केलेल्या फेऱ्या गळतात. स्वतः सांगतानाही त्या गळतात, कारण ‘हा काय प्रवास झाला?’ असं आपल्यालाच वाटतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात लोक सात दिवसांची डायरी भरतात, पण एका मैलाच्या आतलं चालणं कितीतरी वर्षं त्यातल्या एकाच दिवशी विचारलं जायचं. रोज लिहायला लावलं तर लोक कंटाळतात.

गळतीचा परिणाम थेट वेळापत्रकावर होतो. नोंदींमध्ये घर-ऑफिस-घर असाच प्रवास उरला की सकाळ-संध्याकाळी बस भरपूर, दुपारी अकरा ते चार तासाला एक, आणि फुटपाथला पैसे नाहीत. स्पेनच्या नियोजनतज्ज्ञ इनेस सांचेस दे मादारियागा यांनी मुलांना पोचवणं, आजाऱ्यांना नेणं, घरासाठी खरेदी असे विखुरलेले हेतू ‘काळजीचा प्रवास’ म्हणून एकत्र मोजावेत असा आग्रह धरला. वेगवेगळ्या रकान्यांत किरकोळ दिसणारा हा प्रवास एकत्र केला की नोकरीच्या प्रवासाजवळ जाऊन पोचतो. मला हे अगदी पटतं.

तुम्ही सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवून तुमची माहिती स्वतः द्या.

प्रश्न: शेवटी आकडे हवे तसे फिरवता येतात ना? अंदाज कधी बरोबर आलाय का?

आलाय. सॅन फ्रान्सिस्को भागात १९७२ मध्ये बार्ट ही नवी रेल्वे सुरू झाली. त्याआधी डॅनिअल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामावर जाणाऱ्या काहीशे लोकांना त्यांच्या रोजच्या प्रवासाबद्दल विचारलं: वेळ किती, खर्च किती, पर्याय कोणते. त्यावरून त्यांनी नव्या रेल्वेचा वाटा ६.३ टक्के सांगितला. अधिकृत अंदाज १५ टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात निघाला ६.२. तरीही सगळं जमलं नव्हतं, स्टेशनपर्यंत चालत जाणाऱ्यांचा अंदाज जास्त आला होता. मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माणसाच्या निवडीचा असा अभ्यास करण्याच्या पद्धतीसाठी.

आकडे वाकवता येतात, हेही खरंच आहे. म्हणून आराखड्याच्या सुनावणीत विचारा: किती घरांनी नकार दिला? पायी फेऱ्या धरल्यात का? मॉडेलने, म्हणजे सर्वेक्षणावरून केलेल्या गणिताने, दाखवलेली गर्दी रस्त्यावरच्या मोजणीशी ताडून पाहिली का? उत्तर मिळत नसेल तर पुढची रंगीत चित्रं पाहू नका.

प्रश्न: आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचं सर्वेक्षण आहे. चालेल?

सवयी समजायला काही प्रमाणात, आजचे आकडे म्हणून नाही. दहा वर्षांतून एकदा मोठं करण्यापेक्षा दरवर्षी थोडं थोडं करावं, असं माझं मत आहे. सिडनीत १९९७ पासून तसंच चालतं. प्रगणकांचा हात बसलेला राहतो आणि बदल होत असतानाच दिसतो.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात आमच्या घरी प्रगणक येणार आहेत. काय तयारी ठेवू? माहिती बाहेर जाईल का?

आधी ओळखपत्र पाहा. नाव आणि पत्ता फॉर्मपासून वेगळा ठेवतात का, हे विचारा, तो तुमचा हक्क आहे. बँकेचा तपशील किंवा ओटीपी या कामाला कधीच लागत नाही. कुणी मागितला तर दार लावून घ्या.

ठरलेल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर किती वाजता, कुठे, कसं आणि कशासाठी गेलो हे लिहावं. किराणा आणायला खाली उतरलात तरी लिहा. मुलांनाही स्वतःचं स्वतः सांगू द्या. आणि कुठे जायचं होतं पण जाता आलं नाही, तर तेही कारणासकट सांगा. त्याला रकाना नसेल तर प्रगणकाला शेराच्या जागेत लिहायला लावा.