फाइलच्या नावात ‘३४३’ कोठून आला?

प्रश्न : घराण्याच्या पोर्तुगीज कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या फायली मी सुमारे २००० सालच्या एका लिनक्स संगणकावरून नव्या डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर आणल्या. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीने, तेथे गेल्यावर ‘जुआंव’ या नावातील नागमोडी चिन्हाच्या रोमन ‘ए’ऐवजी उलटी तिरकी रेघ (\) व ३४३ हा आकडा दिसतो. अलीकडच्या फायली लॅपटॉपवर नीट दिसतात. सर्व्हरवर मात्र त्यांच्या नावात ३०३ आणि २४३ येतात. सर्वच नावे बदलावीत काय? – एक वाचक, मडगाव

उत्तर : सर्व नावे बदलू नयेत, आपल्याकडे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. युनिक्सच्या परंपरेतील (लिनक्सही त्यातलाच) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, फाइलच्या नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहतो आणि विभाजक सरळ तिरकी रेघ (/) व शून्य बाइट एवढेच त्यास वर्ज्य असतात. त्या बाइटांची अक्षरे कोणती, हे लोकेल (भाषा व अक्षरसंकेत यांची मांडणी) आणि टर्मिनल (आज्ञा देण्याची खिडकी) ठरवतात. जे बाइट छापण्याजोगे वाटत नाहीत, त्यांच्या जागी ‘एलएस’ ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा पूर्वी नुसते प्रश्नचिन्ह दाखवत असे. ‘एलएस’ ज्यात येते त्या जीएनयू कोअरयूटिल्स या संचाच्या २०१६ मधील ८.२५ या आवृत्तीपासून टर्मिनलवर त्या बाइटांचे अष्टमान (आठ पायाच्या पद्धतीतील) आकडे दिसू लागले. अनेकांना हा बदल रुचला नाही, परंतु निदानासाठी तो फार उपयोगी आहे.

३०३ आणि २४३ ही जोडी म्हणजे त्या नागमोडी चिन्हाच्या ‘ए’चे यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित संकेतप्रणालीतील रूप होय. म्हणजे अलीकडच्या फायली निर्दोष आहेत आणि दोष सर्व्हरच्या लोकेलमध्ये आहे. डेबियनचा एसएसएच लॅपटॉपवरील ‘लँग’ हे लोकेल सांगणारे चल पलीकडे पाठवतो. ते लोकेल सर्व्हरवर तयार केलेले नसेल, तर प्रणाली मुकाट्याने ‘सी’ लोकेलवर उतरते आणि त्यात इंग्रजीपलीकडची अक्षरे छापण्याजोगी ठरत नाहीत. सर्व्हरवर ‘लोकेल’ ही आज्ञा देऊन पाहावे. हवे ते लोकेल ‘लोकेल-जेन’ने तयार करावे किंवा ‘लँग’ला ‘सी.यूटीएफ-८’ हे मूल्य द्यावे. ‘एलसी_ऑल’ या दुसऱ्या चलाला काही मूल्य दिलेले असल्यास ते आधी काढावे, कारण ते ‘लँग’वर मात करते.

एकटा ३४३ हा मात्र लॅटिन-१ या जुन्या संकेतप्रणालीतील बाइट आहे. रेड हॅट या लिनक्सच्या प्रकाराने २००२ साली, आठव्या आवृत्तीत, यूटीएफ-८ हे मूलभूत ठरवले. त्यापूर्वीच्या संगणकांवर अशी नावे सर्रास आढळतात. लोकेल सुधारल्यावरही ज्या फायलींत हा आकडा उरेल, तेवढ्यांसाठीच ‘कॉन्व्हएमव्ही’ हे फायलींच्या नावांची संकेतप्रणाली बदलणारे साधन लॅटिन-१ कडून यूटीएफ-८ कडे असा निर्देश देऊन चालवावे. ते प्रथम केवळ प्रस्तावित बदल दाखवते. ती यादी नीट वाचावी आणि मगच बदल प्रत्यक्षात करणारा ‘नोटेस्ट’ हा पर्याय जोडावा. फायलींच्या आशयाला यात धक्का लागत नाही.

काही फायली जुन्या मॅकवरून आल्या असतील, तर नाव बरोबर दिसूनही टंकलेल्या शोधात सापडणार नाही. तेथील एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली साधा ‘ए’ आणि नागमोडी चिन्ह स्वतंत्रपणे साठवत असे, त्यामुळे बाइट निराळे असतात. अशा नावांसाठी त्याच साधनाचा ‘एनएफसी’ हा, अक्षर व चिन्ह एकत्र जोडणारा पर्याय वापरावा.