महागाई उतरली म्हणतात, मग माझं बिल का उतरत नाही?

प्रश्न : माई, नमस्कार. आम्ही जळगावात राहतो. हे डाळ मिलमध्ये कामाला आहेत, हातात १९,००० येतात. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं, एक १३ वर्षांचा, एक १० वर्षांची. किराण्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवायची मला सवय आहे. २०१९ च्या दिवाळीत महिन्याचा किराणा ३,६०० चा झाला होता, यंदाच्या दिवाळीत ५,९०० चा. तेव्हा पगार १४,००० होता. नोव्हेंबरात पेपरात आलं की महागाई पाव टक्क्यावर आली, खाण्याच्या वस्तू तर उलट स्वस्त झाल्या. ह्यांनी तो पेपर माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘मग पैसे जातात कुठे?’ मला काही बोलता आलं नाही. सासूबाईच म्हणाल्या, ‘बठ्ठं महाग व्हई गयं, ती काय करी?’ गेल्या वर्षी मी तूरडाळ तीन किलोवरून दोनवर आणली. दुपारी मी वरण घेत नाही, ठेचा-भाकरी खाते. चहा कोराच पिते. तरी २५ तारखेला डबे वाजायला लागतात. हे म्हणतात, शेकडा तीनने २०,००० उचलू आणि वर्षाचं धान्य एकदाच भरून टाकू. काय करू? तीन दिवाळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत पाठवतेय.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : ताई, तिन्ही चिठ्ठ्या समोर पसरून बसले. अमळनेरला आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर मी ३१ वर्षं काढली. चिठ्ठी वाचली की घर दिसतं. तुमच्या चिठ्ठीत उधळपट्टी नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. आणि हे उत्तर तुमच्या ह्यांनाही वाचायला द्या.

पेपरातला आकडा खरा आहे, पण त्याचा अर्थ ह्यांनी लावला तो नव्हे. महागाईचा दर काढतात तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाण्याच्या वस्तू आदल्या वर्षापेक्षा १०.८७ टक्क्यांनी महाग होत्या, भाजीपाला तर ४२ टक्क्यांनी. त्या चढलेल्या भावावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये ५.०२ टक्क्यांचा उतार आला. म्हणजे १०० रुपयांची पिशवी आधी ११० रुपये ८७ पैशांवर गेली आणि तिथून १०५ रुपये ३० पैशांवर आली. शंभरावर ती परत आलेलीच नाही. तुम्ही तर सहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीशी ताडून बघताय. तेवढ्या मागे भाव सहसा जात नाहीत. शिवाय उतरल्या त्या मुख्यतः भाज्या आणि डाळी. तेल उतरलं नाही.

तेलाचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा संशय तिथे स्वतःवर आहे. ‘पूर्वी पाच पिशव्या पुरायच्या, आता सहा लागतात, बहुतेक माझा हात सैल झाला,’ असं चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलंय तुम्ही. ताई, चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून तुम्ही त्या धुतलेल्या तेलाच्या पिशवीत घालून पाठवल्यात. ती पिशवी मी उजेडात धरली. खालच्या कडेला बारीक अक्षरात छापलंय, ८५० ग्रॅम. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. २०१९ च्या चिठ्ठीवर ‘सोया १ लि.’ असं स्पष्ट आहे. तुमच्या तेव्हाच्या पाच पिशव्यांत ४,५५० ग्रॅम तेल यायचं, आताच्या पाचांत ४,२५० येतं. कमी पडलं ३०० ग्रॅम. महिनाअखेरीला कढई रिकामी राहते ती या ३०० ग्रॅमपायी. तुमचा हात होता तसाच आहे.

पिशवी लहान झाली तेव्हा आम्ही दुकानदारांनी गिऱ्हाइकाला ते सांगायला हवं होतं. आमच्यापैकी बहुतेकांनी सांगितलं नाही. मलाही ते आज टोचतं, म्हणून इतकं लिहितेय.

आता भाव. तेव्हा ८८ ची पिशवी, आता १४२ ची. पाचांचे ४४० व्हायचे, सहांचे ८५२ होतात. २,३०० च्या वाढीतले ४१२ एकट्या तेलाचे. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोया मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सोयाबीन पिकवणाऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू होता आणि शेतकऱ्याच्या लेकीला तो नाकारता येत नाही. मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. पण हे चढ-उतार तुमच्या फोडणीपर्यंत पोचतात, तुमच्या हातात त्यातलं काही नसतं. हातात एवढंच की पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दरही छापतात, तो वाचायचा. तुमच्या पिशवीचा किलोला १६७ पडतो. माझ्याकडे ९१० ग्रॅमची १४८ ला आली, तिचा १६३ पडला. महिन्याला वीसेक रुपये वाचतात.

आणखी एक गोष्ट ह्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. २०१९ मध्ये मुलगा सात वर्षांचा होता आणि मुलगी चार. तेरा वर्षांचा पोरगा भाकरी मोजून खात नाही, खाऊही नये. तुमच्या चिठ्ठीत गहू आणि दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, दोन्ही मिळून नऊ किलोंनी वाढलेत. त्याला महागाई म्हणू नका. ती पोरांची उंची आहे.

मला राग आला तो डाळीच्या ओळीवर. तुमच्यावर नाही, पण आला. गेल्या दिवाळीच्या चिठ्ठीत तूरडाळ १६८ आहे, तेव्हा तुम्ही एक किलो कापली. यंदाच्या चिठ्ठीत ब्रँडचं पाकीट १३२ आहे आणि शेजारी तुम्हीच लिहिलंय, ‘सुटी ११८’. डाळ उतरली, पण तुमची दोन किलो दोनच राहिली. जी वस्तू खरंच स्वस्त झाली तीच तुमच्या ताटात परत आली नाही. घरात कापायची वेळ आली की बाई पहिली कात्री स्वतःच्या वाटीला लावते, आणि भाव खाली आले तरी ती वाटी कोणी पुन्हा भरत नाही. गल्ल्यावर बसून मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता ऐकवत नाही.

डाळ मिलच्या गावात राहून पाकिटातली डाळ कशाला? १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबलवाल्या डाळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, दुकानातून सुटी घेतली तर नाही. ह्यांच्या मिलमध्ये कामगारांना काय भावाने मिळते तेही विचारा. फुटलेली डाळ वेगळी निघते, ती स्वस्त पडते आणि वरणाला छान गळते.

अंगाचा साबण, पेस्ट, शाम्पू, बिस्किटं यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ वर आलाय. तुमच्या चिठ्ठीत या वस्तूंचे ६४० झालेत, जुन्याच छापील किमतीनं. नव्या हिशेबानं ते ५७० च्या आसपास यायला हवेत. पुढच्या वेळी नवी छापील किंमत बघूनच पैसे द्या, संकोच करू नका. म्हणजे ७० इथले, २० तेलाचे, झाले ९०. सुटी डाळ तीन किलो घेतली तर ३५४ होतात, आता दोन पाकिटांना २६४ जातात. फरक ९० चाच.

रेशनचंही पाहिलं मी. तुमचं केशरी कार्ड आहे, पण प्राधान्य यादीत नाव नाही. शहरात त्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. एवढ्यात जळगावात खोलीभाडं देऊन कोण जगतं? ही मर्यादा वाढायलाच हवी.

कर्ज मात्र उचलू नका. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. २०,००० वर महिन्याला ६०० नुसतं व्याज, तुमच्या सगळ्या डाळ-तेलाच्या निम्मं. चैत्रात घेतलेला गहू दिवाळीपर्यंत ३६ टक्क्यांनी चढला, असं ३१ वर्षांत मी पाहिलं नाही. धान्य भरण्याची आपली रीत चांगलीच, पण ती हातातल्या पैशातून. तुमची ५,००० ची भिशी मार्चमध्ये लागणार म्हणता. दादर तेव्हा निघालेली असते, गहूही यायला लागतो. गव्हाचे दोन कट्टे आणि दादरीचा एक, साधारण तेवढ्यात बसेल. गहू कडक उन्हात दोन दिवस वाळवा, एरंडेलाचा हात फिरवा, कोठीत कडुनिंबाचा पाला घाला. डाळ वर्षाची भरू नका, पावसाळ्यात कीड लागली की सगळंच जातं.

सध्या थंडी आहे. सासूबाईंना कळण्याचं पीठ करायला सांगा. आमच्याकडे चार किलो दादरला एक किलो उडीद घालतात, चिमूटभर मीठ दळतानाच. ती भाकरी आणि भरीत असलं की संध्याकाळी वेगळी डाळ लागत नाही, आणि दुपारी तुमच्या ताटात वरण येतं. चहात दूधही घाला. पाच माणसांच्या घरात एक कप दूध सगळ्यांत शेवटी कापायचं असतं, सगळ्यांत आधी नाही.

जानेवारीची चिठ्ठी मला पाठवा. तेलापुढे ग्रॅम लिहा, आणि तूरडाळ तीन किलो लिहिलेली मला दिसली पाहिजे.