शाफ्ट काय परिक्रमेला निघालाय? परिवलन म्हणा!

विचारलंय असं की मायक्रोवेव्ह सेन्सरने वस्तू किती सरकली, किती फिरली ते मोजतात, तर त्या डिस्प्लेसमेंट आणि रोटेशनला मराठीत काय म्हणायचं, 'परिभ्रमण' चालेल का?

नाही चालणार. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, शाळेच्या भूगोलात घोकलंय की सगळ्यांनी, तरी परवा एका व्याख्यानात वक्ते मोटरच्या शाफ्टला तासभर परिभ्रमण करायला लावत होते. काही विद्वान लगेच हिंदीतलं 'घूर्णन' पुढे करतात. संस्कृतात दारू प्यायलेल्याचे डोळे मदघूर्णित असतात हो, शाफ्ट असा झोकांड्या खायला लागला तर बेअरिंग गेलंच समजा.

आता खरी गंमत. परिवलनातला वल् हा संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, तोच वळण, वळणे, वळकटी यांच्यातला, आणि वलय म्हणजे कडं, तेही त्यातलंच. कोणी म्हणेल धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'वल संवरणे' दिलंय, म्हणजे वेढणे, फिरणे कुठून आलं? अहो, न वळता वेढून दाखवा की! तान्ह्या बाळाच्या पायातला चांदीचा वाळा पण वलयातूनच आलाय असं माझं ठाम मत आहे. तो वाळा नीट बघा, पूर्ण गोल नसतो, पाय वाढला की सैल करता यावा म्हणून तोंड उघडं ठेवलेलं असतं.

आणि सेन्सरमध्ये काय असतं? हाच वाळा! सर्किट बोर्डावर तांब्याचं, एका जागी फट ठेवलेलं वलय. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठात फेरान मार्तीन यांच्या गटाने २०११च्या सुमारास दाखवलं की असं वलय सिग्नल वाहून नेणाऱ्या खालच्या पट्टीशी बरोबर सिमेट्रीत बसलं की पट्टीतून जाणारी लहर त्याला ओळखही देत नाही, जरा सरकलं किंवा वळलं की सिमेट्री मोडते आणि एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला सिग्नलमध्ये खड्डा पडतो, तो किती खोल त्यावरून किती हललं ते कळतं. म्हणजे वलयाचं वलन! एकाच धातूची दोन लेकरं एका बोर्डावर, याहून चांगला शब्द कुठला शोधताय?

(मायक्रोवेव्हला सूक्ष्मलहरी म्हणतात, पण त्या रेडिओलहरींच्या मानाने सूक्ष्म, मायक्रॉनशी संबंध नाही. घरच्या ओव्हनमधली लहर चांगली १२ सेंटिमीटरची असते.)

हां, डिस्प्लेसमेंट राहिलंच. विस्थापन. पाठ्यपुस्तकात आहे, धरणग्रस्त आठवतात खरे, पण चालू द्या.