ड्रमर नसलेला गॉडफ्लेश इतकी वर्षं टिकला कसा? आणि ऐकायला कुठून सुरुवात करू?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "ड्रमर मिळाला नसेल म्हणून मशीनवर भागवलं असेल ना?" त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसलो. इंग्लंडमधला हा मेटल बँड टिकला कसा, ऐकायचं काय, हे सांगतो. पण आधी या 'भागवलं'चा निकाल लावू.

गॉडफ्लेशचा गिटारवाला जस्टिन ब्रॉडरिक स्वतः ड्रमर होता. बर्मिंगहॅमच्या 'फॉल ऑफ बिकॉज' या बँडमध्ये ड्रमवर तो आणि बासवर जी. सी. ग्रीन. 'हेड ऑफ डेव्हिड'मध्येही तो ड्रमच वाजवायचा. १९८८मध्ये या दोघांनी गॉडफ्लेश काढला, तेव्हा ब्रॉडरिकने काठ्या खाली ठेवल्या, गिटार गळ्यात घातली आणि ड्रमच्या जागी अॅलेसिस एचआर-१६ हे ड्रम मशीन आणलं. ज्याला स्वतःला ड्रम येतात त्याचं ड्रमरवाचून अडलं होतं, हे कसं मान्य करायचं? ड्रमर काय करतो ते त्याला नीट माहीत होतं, म्हणूनच त्याला तो नको होता.

हे मी इतक्या तावातावाने का सांगतोय? तर इंजिनिअरिंगला असताना पुण्यात आमचा बँड होता. पुण्यात तेव्हा धड वाजवणारा ड्रमर एक, आणि तो चार बँडमध्ये. आमचा ड्रमरही ऐन स्पर्धेच्या आधी दुसऱ्या बँडमध्ये गेला, कारण तिथे आयर्न मेडनची गाणी वाजवायला मिळणार होती. आमच्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरवर फ्रुटी लूप्स हे ठेके बांधायचं सॉफ्टवेअर होतं. मी तेव्हा गॉडफ्लेशचा 'स्ट्रीटक्लीनर' कॅसेट घासेपर्यंत ऐकलेला. म्हटलं, बरंच झालं. रात्र-रात्र बसून ठेके बांधले. किक इतकी खाली ट्यून केली की खिडकीची काच थरथरायची. एक फायदा असा की आवाज कमी करता यायचा, त्यामुळे कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये खालच्या काकू पहिल्यांदाच वर आल्या नाहीत.

स्पर्धेत पहिलं गाणं संपलं आणि परीक्षकांनी माईकवरून विचारलं, "तुमचा ड्रमर कुठाय?" आमच्या बासवाल्याने गंभीर चेहऱ्याने टेबलावरच्या सीपीयूकडे बोट केलं. सगळं सभागृह हसलं. तिसऱ्या रांगेत आमचा तो ड्रमर बसला होता, त्याचं हसणं मला स्टेजवरून वेगळं ऐकू आलं. दुसऱ्या गाण्याला परवानगीच मिळाली नाही. कारण दिलं 'आधी रेकॉर्ड केलेलं संगीत'. नियमांच्या कागदावर कॅराओके चालणार नाही असं लिहिलं होतं, ते आम्हाला लावलं. मी वाद घातला, आयोजकांकडे गेलो, काही झालं नाही. आणि गंमत बघा. त्याच स्टेजवर दुपारी सुगम गायनाच्या फेरीत एका मुलीचा तबलजी आला नव्हता. ती इलेक्ट्रॉनिक तबला लावून गायली आणि बक्षीस घेऊन गेली. छान गायली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे 'तबलजी कुठाय' असं कुणी विचारलं नाही, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दल तर आजवर कुठेच कुणी विचारत नाही.

आमच्या ड्रमरचं त्यावरचं वाक्य तेव्हापासून ठरलेलं आहे: "मशीनला घाम येत नाही." प्रत्येक भेटीत म्हणतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर अधूनमधून टाकतो.

अरे बाबा, मशीनला नाही, आम्हाला येत होता! माणूस ड्रमवर असला की तो सांभाळून घेतो. गिटारवाला अर्धा क्षण मागे पडला तर तोही नकळत मागे येतो, गाणं तापलं की लय थोडी चढते. मशीन काही सांभाळत नाही. माझे वडील भोसरीत पॉवर प्रेसवर होते. मशीन त्याच्या वेळेला खाली येणार, हात कधी काढायचा ते तुमचं तुम्ही बघा. गॉडफ्लेश नेमका तसा आहे. त्यांचं वजन वेगात नाही, गिटार किती खाली ट्यून केली आहे त्यातही फारसं नाही. ठोका कुणासाठी थांबणार नाही आणि दोन माणसं त्याखाली आहेत, यात ते आहे. बर्मिंगहॅमला हे वेगळं सांगायला नको. ब्लॅक सॅबथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांची टोकं तिथल्याच एका पत्र्याच्या कारखान्यातल्या मशीनने नेली होती.

आणि मशीनला ठेका नसतो म्हणणाऱ्यांनी 'स्ट्रीटक्लीनर'मधलं 'क्राइस्टबेट रायझिंग' ऐकावं. त्याचा ठेका ब्रॉडरिकने एरिक बी. आणि राकिम या हिप-हॉप जोडीच्या 'मायक्रोफोन फीन्ड'वरून उचलायचा प्रयत्न केला होता. १९८९मध्ये इंग्लंडमधला मेटलवाला पोरगा हिप-हॉपकडून ठेका शिकत होता! ड्रम मशीन हे हिप-हॉपवाल्यांचं रोजचं वाद्य. मेटलवाल्यांनी त्याकडे नाक मुरडलं, त्याचं कारण मला कधी संगीतातलं वाटलं नाही.

आता तुमचा प्रश्न. कारकीर्द थोडक्यात अशी: १९८९चा 'स्ट्रीटक्लीनर', १९९२चा 'प्युअर', १९९४चा 'सेल्फलेस'. १९९६मध्ये 'साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट'ला पहिल्यांदा हाडामांसाचा ड्रमर आला, ब्रायन मँटिया. १९९९च्या 'अस अँड देम'मध्ये 'ड्रम अँड बेस' या वेगवान इलेक्ट्रॉनिक प्रकाराचे ठेके आले; तो ब्रॉडरिकला स्वतःलाच नंतर आवडेनासा झाला. २००१च्या 'हिम्स'वर टेड पार्सन्स, म्हणजे पुन्हा माणूस. त्यानंतर ग्रीन बाहेर पडला, अमेरिकेच्या दौऱ्याच्या तोंडावर ब्रॉडरिक मानसिकदृष्ट्या कोसळला आणि २००२मध्ये बँड संपला. 'हिम्स'मधल्या शेवटच्या गाण्याचं नाव 'जेसू', तेच नाव घेऊन त्याने पुढचा बँड काढला. २०१०मध्ये फ्रान्सच्या हेलफेस्ट महोत्सवात ब्रॉडरिक आणि ग्रीन पुन्हा एकत्र उभे राहिले. मग २०१४चा 'अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर', २०१७चा 'पोस्ट सेल्फ', २०२३चा 'पर्ज'. या तिन्हींत दोन माणसं आणि मशीन, तिसरं कुणी नाही.

म्हणजे सरळ हिशेब: ड्रमर आणला, बँड मोडला, मशीनकडे परत आले, बँड उभा राहिला. आमच्या ड्रमरला मी हे असंच ऐकवतो.

तुम्हाला मात्र खरं सांगतो, हिशेब इतका सरळ नाही. बँड मोडण्याशी पार्सन्सचा काही संबंध नव्हता. पुढे जेसूमध्येही ब्रॉडरिकने ड्रमवर त्यालाच घेतलं. मँटियाही काही ऐरागैरा नव्हे. तरी 'हिम्स' मला सपक वाटतो. चांगला रॉक अल्बम आहे, पण तसे चांगले रॉक अल्बम इतरांकडेही मिळतात. टिकण्याची कारणं माझ्या मते साधी आहेत. माणसं दोनच, त्यामुळे भांडायलाही दोघंच. २०१४पासून अल्बम ब्रॉडरिकच्याच 'अॅव्हलांच' या लेबलवरून निघतात, त्यामुळे दर दोन वर्षांनी काहीतरी काढाच असा कुणाचा लकडा नाही. आणि ब्रॉडरिकची टेक्नोपासून डबपर्यंतची बाकीची हौस इतर नावांखाली भागते, ती गॉडफ्लेशमध्ये कोंबावी लागत नाही.

ऐकायची सुरुवात 'स्ट्रीटक्लीनर'पासून करा असं सगळे सांगतील. बरोबरच आहे, पण पहिल्याच दिवशी तो अंगावर येतो. हिप-हॉप ऐकत असाल तर 'पर्ज' घ्या, मग मागे 'प्युअर'कडे जा; दोन्हींत तीच नाळ आहे. 'सेल्फलेस'च्या शेवटी 'गो स्प्रेड युअर विंग्ज' तेवीस मिनिटांचं आहे, ते घाईत लावू नका. रॅमस्टाइनवरून इकडे येत असाल तर इथे नाचायला फारसं मिळणार नाही.

आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. ग्रीनचा बास त्यातून येतच नाही, आणि तो गेला की अर्धा बँड गेला. मग उरलेल्या अर्ध्यावरून 'नुसतं मशीन आहे' असं मत बनवाल, आणि आमच्या ग्रुपवर तसा एक जण आधीच आहे.