जुने फोटो उडवण्याआधी थांब

अरे, गूगलची फुकटची १५ जीबी भरली म्हणून लगेच पैसे भरू नकोस, आणि जुने फोटो तर मुळीच उडवू नकोस. १ जून २०२१ च्या आधी गूगल फोटोजवर 'हाय क्वालिटी'त (म्हणजे साइझ कमी करून) चढवलेले फोटो गूगल मोजतच नाही. ते काढून एक एमबीही सुटायची नाही. जागा खातो तो व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप. अँड्रॉइडवर आता तोही याच १५ जीबीत धरतात. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ वगळ. माझ्याकडे मावसभावाच्या वरातीचा एकच व्हिडिओ चार ग्रुपांतून आला होता! मग कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्हमधलं 'स्टोरेज' उघड, जड फायली वरच दिसतील. आणि हो, ट्रॅश लगेच रिकामा कर. नाहीतर पुसलेल्या फायली ३० दिवस तिथेच जागा अडवून बसतात.