मंडळी वाढतेय, शेजारच्या गावात शाखा काढायचीय. हॉल केवढा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातली तुमची ख्रिस्ती मंडळी चार वर्षांत १२ कुटुंबांवरून ३५ वर गेली, आता करवीर तालुक्यातल्या एका गावात शाखा सुरू करायचीय. हॉल केवढा घ्यावा, साऊंड कुठला घ्यावा, आणि नवीन आलेल्यांना विश्वासात टिकवायला काय करावं, असे तीन प्रश्न आहेत. तिसरा पहिला विचारायला पाहिजे होता. हॉल घेऊ नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नकोच.

आमच्या मंडळीनं राधानगरी रस्त्याच्या एका गावात नेमकं हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्या गावात मंडळीची ११ घरं होती. तीन घरांत आळीपाळीनं बुधवारी प्रार्थना व्हायची, ४० च्या आसपास माणसं जमायची. मग कमिटीत एका वडिलांनी मुद्दा मांडला की लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे, घरात बसून मंडळी वाढत नसते. दिसावं म्हणून पत्र्याचं शेड घेतलं. ५०० चौरस फूट, अनामत ५० हजार, भाडं ६ हजार, करार ११ महिन्यांचा. वर १५ इंची दोन स्पीकर, मिक्सर, कीबोर्ड, ५० खुर्च्या आणि मागं भिंतभर फ्लेक्स. पहिल्या रविवारी शहरातली माणसं दोन टेम्पो भरून गेली, म्हणून शेड गच्च भरलं. ते फोटो अजून फिरतात.

तिसऱ्या महिन्यात हजेरी १७ वर आली.

मृगात शेड घेतलं आणि आषाढात पाऊस लागला. त्या पट्ट्यातला पाऊस एकदा धरला की आठ-आठ दिवस सोडत नाही. पत्र्यावर तो असा वाजायचा की दुसऱ्या रांगेत वचन ऐकू येईना. मग आवाज वाढवला. पत्रा आणि प्लास्टरची भिंत दोन्ही आवाज परत फेकतात, त्यामुळं आत नुसता गोंगाट आणि बाहेर भोंगा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. असल्या शेडमध्ये १५ इंची स्पीकर अर्ध्यावर नेला तरी ५५ कधीच मागं पडलेले असतात. शेजारी दहावीची पोरगी अभ्यासाला बसलेली. तक्रार आधी पोलीस पाटलांकडं गेली, मग शेडमालकाकडं, आणि करार संपायच्या आत मालकानं हात जोडले. त्या माणसाला मी दोष देणार नाही.

पण पाऊस आणि स्पीकर ही वरवरची कारणं. माणसं गळाली ती चौकामुळं. प्रार्थना घरात असली की शेजारच्या काकींकडं बाई हातात वाटी घेऊन जाते. विरजण मागायला गेली, तासभर बसली, कुणी विचारत नाही. शेडकडं जाताना हातात वाटी नसते. पारावर बसलेली माणसं कोण कोण गेलं ते मोजतात आणि रात्री ते सासऱ्याच्या कानावर जातं. ज्या बाईचा विश्वास अजून कोवळा आहे, तिला तुम्ही पहिल्याच महिन्यात भर चौकात जाहीर व्हायला लावता. ती येणं थांबवते, आणि कमिटी म्हणते की तिचा विश्वास कच्चा होता.

आणखी एक. घरात म्हाताऱ्या टाळ घेऊन गायच्या. शेडात कीबोर्डवाला पोरगा आला, नवीन गाणी आली, म्हाताऱ्या गप्प झाल्या. ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, ती काय हौस म्हणून? आपल्या माणसाला देवाचं नाव कुठल्या चालीत घ्यायची सवय आहे हे त्यांना ठाऊक होतं. कीबोर्ड वाईट नाही, पण ज्या गावात तो वाजवणारा राहतच नाही तिथं तो नेऊ नका. एका रविवारी तो पोरगा आला नाही तर अख्खी उपासना लंगडी होते.

आता घरातली प्रार्थना कशी चालवायची ते. वेळ रात्री सव्वाआठ. आधी ठेवली तर बायका येणारच नाहीत. धारा काढून, डेअरीला दूध घालून, वैरण टाकून मोकळं व्हायला आठ वाजतात. संपवायचं सव्वानऊला, उशीर करायचा नाही, सकाळी पाचला परत धार असते. सुरुवातीला त्यांना येणारं एकच गाणं. मग मार्काच्या शुभवर्तमानातला अर्धा अध्याय, त्या घरातल्याच कुणीतरी वाचायचा. अडखळत वाचला तरी चालेल, पाळकानं (पास्टरनं) हातातून पुस्तक घ्यायचं नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी मोबाइलवर ऑडिओ लावायचा. मार्काचे १६ अध्याय आहेत, अर्ध्या-अर्ध्यानं गेलात तर ३२ आठवडे, म्हणजे सात-साडेसात महिने पुरतात. वाचून झालं की तीनच प्रश्न: इथं येशूनं काय केलं, ते बघून कोण कोण काय म्हणालं, आणि या आठवड्यात आपल्या घरात यातलं काय करता येईल. उपदेश दहा मिनिटांच्या वर नको. मग नावं घेऊन प्रार्थना. नावं वहीत लिहायची, कारण पुढच्या बुधवारी तुमच्या म्हशीचं काय झालं हे विचारायचं असतं. लोकांना उत्तेजन यातनं मिळतं, माइकवरच्या आरोळीतनं मिळत नाही.

शेवटी फक्त चहा. हा नियम कडक पाळा. एका घरानं पोहे केले की दुसरं घर भजी करतं, तिसरं जेवण घालतं, आणि चौथ्या घरची बाई प्रार्थना आपल्याकडं नको म्हणून काहीतरी निमित्त काढते. गरीब घर असं मुकाट्यानं गळतं. चुरमुरेसुद्धा नकोत.

टिकवायचं कसं, याचं माझं उत्तर एका दोनशे पानी वहीत मावतं. डावीकडं कुटुंबाचं नाव, पुढं रविवारांचे रकाने. आला तर टिंब, नाही आला तर रकाना मोकळा. सलग दोन मोकळे दिसले की बुधवारच्या आत फोन, तीन दिसले की दोघांनी घरी जायचं. पाळकानं नाही. पाळक दारात दिसला की माणसाला वाटतं हजेरी घ्यायला आला. त्याच आळीतलं, कामावर त्याच पाळीतलं कुणीतरी जावं. शाखेचा प्रमुख निवडतानाही हेच बघा. बायबलातल्या बर्णबाला बोधपुत्र, म्हणजे धीर देणारा, म्हणायचे आणि शौलाला (पुढचा पौल) शोधायला तो स्वतः उठून तार्साला गेला. तसा उठून जाणारा माणूस चांगल्या वक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तिथं गेल्यावर का आला नाहीस असं विचारायचं नाही, तब्येत विचारायची. कारण आपोआप कळतं, आणि बहुतेक वेळा ते आध्यात्मिक नसतं. शिरोलीला फौंड्रीत पाळी बदललेली असते. घरात लग्न असतं आणि देवकार्यावरून भांडण झालेलं असतं. सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे उसने पैसे. मंडळीतल्या एकानं दुसऱ्याला पाच हजार दिले की घेणारा आधी तोंड चुकवतो, मग उपासना चुकवतो. म्हणून मंडळीत भिशी नको, उसनवारी नको, कुणाच्या स्कीमचा कागद नको. खरी गरज असेल तर अर्पणातून मदत करा, परत मागू नका आणि व्यासपीठावरून सांगू नका.

अर्पण उपासना संपल्या संपल्या तिथंच मोजायचं. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत भरणा. खातं मंडळीच्या नावाचं, सही दोघांची. ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. वर्षानुवर्षं तो न दिल्यामुळं कागदावर मयत माणसं विश्वस्त राहतात आणि मग जागेचं काहीच करता येत नाही. मंडळीच्या कामासाठी परदेशातून पैसे यायचे असतील तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेत खातं लागतं. पाळकाच्या घरच्या खात्यावर घेऊ नका, रक्कम किती का असेना.

बाप्तिस्म्याची घाई नको. किमान बारा धडे, शक्य तर नवरा-बायको दोघं, अठराच्या आतलं कुणी आईबापांशिवाय नको. आणि एक गोष्ट पाण्यात उतरायच्या आधी स्पष्ट सांगा: अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या माणसानं ख्रिस्ती धर्म घेतला की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं तो दर्जा राहत नाही, तो हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. पोराच्या फॉर्मच्या वेळी हे कळलं तर तो माणूस तुम्हाला माफ करणार नाही, करूही नये. सुवार्ता सांगताना नोकरी, शाळेतला प्रवेश, कर्जफेड यातलं काही कबूल करायचं नाही. प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच सांगून ठेवलंय. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण गोळ्या बंद करायला सांगणारा साक्षीदार व्यासपीठावर चढू देऊ नका. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सुटला तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, आणि गावात नाव मंडळीचं जातं.

जोतिबाच्या यात्रेत, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत पत्रकं वाटायला जाऊ नका. त्यातनं माणूस येत नाही, भांडण येतं. ज्या गावात कुणी आपण होऊन घरी बोलवत नाही, त्या गावात सुरुवातच करू नका.

दफनभूमीचं तुम्ही विचारलंच नाही. नवीन मंडळ्यांना हे पहिला माणूस गेल्यावर सुचतं, तेही रात्री अकराला. जुन्या मंडळ्यांच्या दफनभूम्या त्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात असतात, परक्या मंडळीला तिथं जागा मिळेलच असं नाही. आत्ताच जाऊन भेटा, पत्र द्या, फी काय ते विचारा, लेखी घ्या. गावात जागा हवी असेल तर ग्रामपंचायतीकडं अर्ज करा, ठरावाची नक्कल जपून ठेवा. लग्नाचंही तसंच. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली ज्याच्याकडं परवाना आहे त्यानंच लग्न लावावं, आणि साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या मधेच. तुमच्या पाळकाकडं परवाना नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याला बोलवा, यात कमीपणा कसला?

एवढं हळू कसं परवडेल असं तुमच्या कमिटीतलं कुणीतरी म्हणेल. आमच्याकडंही म्हणालं होतं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, मधली काही वर्षं तर कुठल्याही मिशन बोर्डाच्या आधाराशिवाय काम रेटलं, आणि १८७० च्या सुमारास ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. त्यांच्या नावाचं चर्च आज शहरात उभं आहे. पहिल्या वर्षी टेम्पो भरून माणसं आणली असती तर काय राहिलं असतं ते तुम्हीच बघा. त्या शेडचं काय राहिलं ते मी वर सांगितलंय. खुर्च्या आमच्याच एका खोलीत एकावर एक रचून पडल्यात.

शहरात हे सगळं जसंच्या तसं चालणार नाही हे मान्य. फ्लॅटमध्ये सोसायटीची हरकत येते, पार्किंगवरून वाद होतात, तिथं १५ च्या वर माणसं नकोत. पंचगंगेकाठचं गाव असेल तर राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेल्यावर प्रार्थनासभा कुठली, माणसं आणि जनावरं हलवायला जायचं असतं. शब्बाथ शाळेच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, एकटं कुणी पोरांबरोबर नको. हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं.

आणि दोन वर्षांनी घरं खरंच पुरेनाशी झाली तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खुर्च्या मांडून ६० माणसांना साधारण ६०० चौरस फूट लागतात, सतरंजीवर बसलात तर ४०० त भागतं. पत्रा असेल तर खालून फॉल्स सीलिंग करून घ्या. साऊंड म्हणाल तर एक ४०-५० वॉटचा उचलून नेता येणारा स्पीकर, कानाच्या उंचीवर, तोंड आतल्या बाजूला. सतरंज्या गांधीनगरातनं होलसेलनं घ्या. खुर्च्या हव्याच असतील तर सांगा, आमच्याकडं ५० आहेत.