घातांक शून्य असला तर उत्तर १ का येतं?

तुम्ही विचारलंय, २ चा तिसरा घात म्हणजे २ × २ × २ हे कळतं, मग घातांक ० असताना उत्तर १ कसं? एकदाही गुणलं नाही तर ० यायला हवं ना?

मी ठाण्यात नौपाड्याला आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि "नियम आहे, पाठ कर" हे उत्तर मी कधीच देत नाही.

जुन्या वर्तमानपत्राचं एक पान घ्या. मधोमध दुमडा, २ थर. परत दुमडा, ४. पाच घड्यांनंतर ३२. आता एकेक घडी उलगडत जा: १६, ८, ४, २. शेवटची घडी उलगडलीत की घड्या शून्य, पण पान हातात आहेच. थर एक! घातांक म्हणजे घड्या, उत्तर म्हणजे थर. घातांक एकाने उतरला की उत्तराला पायाने (ज्याचा घात काढतोय ती संख्या, इथे २) भागायचं, एवढंच चाललंय. (म्हणूनच इथे पाया ० चालत नाही, शून्याने भागणार कसं?) तीन घड्यांवर आणखी दोन घातल्या की पाच होतात, म्हणून गुणाकारात घातांकांची बेरीज.

मागे कळव्याहून येणारी आठवीतली एक मुलगी ते उलगडलेलं पान धरून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाई, अजून एकदा भागलं तर?" तर १/२. मग १/४. ऋण घातांक तिला मी शिकवलाच नाही, तिचा तिनेच काढला. तो दिवस मी विसरणार नाही.

मोठा घात काढताना सरळ गुणत बसू नका. ३ चा तेरावा घात हवाय? १३ = ८ + ४ + १. वर्ग करत जा: ९, ८१, ६५६१, म्हणजे ३ चा दुसरा, चौथा, आठवा घात. मग ६५६१ × ८१ × ३ = १५,९४,३२३. बारा गुणाकारांचं काम पाचांत झालं. पिंगलाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे कवितेच्या वृत्तांवरच्या प्राचीन ग्रंथात, लघु-गुरू अक्षरांच्या रचनांचे प्रकार मोजायला २ चे घात काढले आहेत, तेही असेच, अर्धं आणि वर्ग करत.

आणि कंसाकडे नीट बघा. (−३) चा वर्ग ९. कंस नसेल तर आधी ३ चा वर्ग, मग ऋण चिन्ह, म्हणजे −९. माझ्या मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथेच जातात.